बार्डेल नावाचा साहेब नव्हता

माझ्या टेबलावर दोन कागद आहेत.

पहिला कागद म्हणजे वर्तमानपत्राचे एक पान. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात निरनिराळ्या देशांनी संशोधनाची केंद्रे उभारली आहेत. त्यांची नावे कशी पडली, याची माहिती त्या पानावर आहे. एका केंद्राला राजाचे नाव आहे, एकाला बर्फातच मेलेल्या कप्तानाचे. काही केंद्रांना तर ज्या जहाजातून माणसे उतरली त्या जहाजाचेच नाव मिळाले. आपल्या देशाने आपल्या केंद्राला एका नदीच्या उगमाचे नाव दिले. माझी हरकत नाही. जिथे विचारायला कोणी नाही, तिथे माणूस घरून आणलेलेच नाव ठेवणार.

दुसरा कागद आमच्या जिल्ह्यात निघालेल्या एका स्मरणिकेचा आहे. तिच्यात एक वाक्य असे छापले आहे: ‘अमडापूर परिसरात इंग्रजी अमदानीत बार्डेल हे पर्जन्यमापन केंद्र होते. बार्डेल नामक इंग्रज अधिकाऱ्याच्या स्मरणार्थ ते नाव देण्यात आले असून त्या अधिकाऱ्याची दगडी समाधी आजही तेथे पाहावयास मिळते.’

हे वाक्य अथपासून इतिपर्यंत खोटे आहे. मी तसे संपादकांना कळवले. त्यांचे सभ्य भाषेतले उत्तर आले: आपला पुरावा पाठवावा. पुरावा पाकिटात मावणारा नाही. म्हणून हे लिहीत आहे.

या लेखात मी गावाचे नाव लिहिणार नाही आणि माणसांची नावेही लिहिणार नाही. एकच नाव महत्त्वाचे आहे. त्याच्या आसपास दुसरी नावे नकोत.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मोठे हुकूम नागपूरहून निघत, चिखलीच्या तहसिलीत येत, आणि तिथून आमच्यासारख्या खेड्यांत बैलगाडीच्या गतीने पोहोचत. अमडापूरपासून दोन कोसांवरच्या एका गावात मी जिल्हा कौन्सिलच्या शाळेवर मास्तर होतो. वय बावीस. नोकरी कायम झालेली नव्हती. घरी माझ्यावर अवलंबून असलेली पाच माणसे होती. हे एकदा सांगून ठेवतो, पुन्हा सांगणार नाही.

एका उन्हाळ्यात कागद आला की आमच्या गावी पावसाची मोजणी व्हावयाची असून तिचे काम शाळेच्या मास्तराने पाहावे. जागा उघडी हवी, जवळ झाड नको, घर नको. अशी जागा गावाच्या पूर्वेला एकच होती. तिला सगळा गाव आंधळीची बरडी म्हणत असे. बरडी म्हणजे मुरमाड, दगडी चढण. आमच्याकडे अशा जमिनीत कुसळाशिवाय काही उगवत नाही. या बरडीत मात्र वांगी, कांदे आणि मेथी होत. ती का होत, ते सांगणे भाग आहे.

आंधळी ही त्या गावातली एक बाई. देवीच्या आजारात तिचे डोळे गेले. नवऱ्याने दुसरे लग्न केले आणि हिच्या वाट्याला, हिच्या मुलासह, बरडीचा तुकडा दिला. तो देण्यामागे दया होती असे मला कोणी सांगितले नाही. बाईने बसून, हाताने चाचपून, एकेक दगड वेचला आणि धुऱ्याकडेला, म्हणजे बांधाशी, एका ठिकाणी टाकत गेली. सून घरात आली तेव्हा दगडांचा ढीग कमरेएवढा होता. आंधळी गेली तेव्हा तो पुरुषभर झाला होता. ढिगाच्या खालच्या अंगाला दगड नीट रचलेले आहेत, कारण तो कोसळला तर तिला दुसऱ्यांदा वेचणे आले असते. ती पाऊस वासाने ओळखत असे, असेही लोक सांगत. त्याला पुरावा नाही. दगडांना आहे.

मी गावात गेलो तेव्हा आंधळी नव्हती. तिची सून होती, वय साठीच्या पुढे, विधवा. ती बरडीतली भाजी टोपलीत घालून अमडापूरच्या बाजाराला नेत असे. पावसाच्या यंत्रासाठी बरडीचा एक कोपरा मागायला मी तिच्याकडे गेलो.

“काय मोजता म्हन्ता, मास्तर?”

“पाऊस, मावशी.”

“पडलेला का पडनारा?”

“पडलेला.”

“पडलेला मोजून काय करता? तो तं पडला. पडनारा मोजा म्हना सरकारले.” ती हसली आणि कोपरा दिला. कागद झाला नाही. तिने मागितला नाही, मला सुचला नाही.

यंत्र चिखलीहून गाडीवर आले. बरोबर एक कारकून होता, घाटाखालचा नव्हे, वऱ्हाडातलाही नव्हे. पश्चिमेकडून नुकताच बदलून आलेला. गाडी शाळेसमोर थांबली. कारकुनाने मांडीवर फळी घेतली, तिच्यावर छापील फॉर्म ठेवला, दौत गाडीवानाच्या हातात दिली. तेवढ्यात सून डोक्यावर टोपली घेऊन तिथून जात होती. कारकुनाने तिलाच विचारले, “बाई, हे यंत्र न्यायचे कुठे?”

“बरडीले,” ती म्हणाली. मग चार पावले पुढे जाऊन वळून म्हणाली, “आंधळीच्या बरडीले.”

“आंधळी-बिंधळी राहू दे. सरकारी कागद आहे,” असे म्हणून कारकुनाने इंग्रजीत केंद्राचे नाव लिहिले: बर्डिले.

आमच्या बोलीत ‘ला’ नाही, ‘ले’ आहे. मला ऐवजी मले, घराला ऐवजी घरले. बरडीले म्हणजे बरडीकडे. कारकुनाने शब्द प्रत्ययासकट उचलला होता. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मी ते वाचले. मला चूक कळली आणि मी गप्प राहिलो.

का गप्प राहिलो, तेही लिहितो. चूक दाखवायची तर ‘ले’ म्हणजे काय, हे सांगावे लागले असते. त्या ‘ले’साठी मी वर्गात रोज छडी उगारत होतो. ट्रेनिंगला असताना माझ्या तोंडून ‘मले’ निघाले की सगळा वर्ग हसे. परगावच्या शिकलेल्या माणसासमोर मला पुन्हा तो विषय नको होता. कारकुनाने कागद झटकला, वाळवला, घडी घातली. माझ्या आयुष्यातले सर्वांत महाग पडलेले मौन ते. त्याला अर्धे मिनिटही लागले नाही.

यंत्र साधे असते. जमिनीत पक्के पुरलेले पत्र्याचे नळकांडे, वर नरसाळे, आत बाटली. सकाळी ठरल्या वेळी बाटलीतले पाणी काचेच्या मापात ओतायचे आणि इंच व सेंट लिहायचे. सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. पाऊस नसेल तर शून्य लिहायचे. शून्य लिहायलाही रोज जावे लागते. गाव त्याला डबा म्हणे. पण कागदावर त्याला ‘स्टेशन’ म्हटलेले होते, आणि ते कोणीतरी वाचून दाखवले. मग काही दिवस मी रस्त्याने निघालो की पारावरून विचारणा होई.

“मास्तर, शेगावची गाडी किती वाजता हाये जी?”

“लेट हाये बे, अजून पानी भरून राह्यले इंजिनात.”

“चिखलीले रेल नाई अन् आपल्याले स्टेशन! नशीब लागते बाप्पा.”

मी माप सांभाळत पुढे जाई. त्यांना उत्तर नकोच असे.

पहिला पावसाळा नीट गेला. मी महिन्याच्या छापील तक्त्यात केंद्राच्या नावाची जागा कोरी सोडून आकडे पाठवत राहिलो, आणि तहसिलीतले कोणीतरी ती जागा भरत राहिले. दुसऱ्या उन्हाळ्यात नागपूरहून छापील यादी आली. तिच्यात इंग्रजीतले एक अक्षर बदलले होते. बर्डिलेचे बार्डेल झाले होते. छापखान्यातल्या माणसाला ते नाव गोऱ्या माणसाचे वाटले असावे, म्हणून त्याने ते सुधारले. मागोमाग पत्र्याची पाटी आली. निळ्यावर पांढरी अक्षरे: बार्डेल. पाटी कुंपणाच्या खांबाला ठोकण्याचा हुकूम होता. मी ठोकली. हीसुद्धा माझीच कृती.

पाटी लागल्यापासून महिन्याभरात साहेब जन्माला आला.

त्याचा जन्मदाता गावचा पोलीस पाटील. माणूस वाईट नव्हता. त्याला गोष्टी अपुऱ्या ठेवता येत नसत, एवढेच. त्याने पारावर सांगितले की बार्डेल साहेब हा मोजणीचा मोठा अंमलदार होता, याच बरडीवर त्याचा तंबू पडे, आणि इथेच तो घोड्यावरून पडून मेला. पुढच्या बाजारापर्यंत घोडा पांढरा झाला. आषाढीपर्यंत साहेबाला एक कुत्रा मिळाला, जो मालकाच्या जाण्यानंतर अन्न टाकून मेला. मी पाटलाला गाठले.

“पाटील, हा साहेब तुम्ही पाहिला?”

“म्या नाई जी. माह्या बापानं पाह्यला. हा एवढा उंच!”

“वडिलांनी तुम्हाला हे कधी सांगितले?”

“लहानपनी सांगे ना.”

“मग इतकी वर्षे तुम्ही कोणाला बोलला नाहीत.”

“पाटी लागल्यावर याद आली, मास्तर.” पाटलाने हे अगदी सरळ मनाने सांगितले. त्याच्यावर रागावणे कठीण होते. मी रागावलो.

साहेब मेला म्हटल्यावर त्याला कबर हवी. बरडीवर दगडांचा एकच ढीग होता.

एका सोमवारी सकाळी मी मोजणीला गेलो तेव्हा ढिगाच्या पुढच्या दगडाला शेंदूर फासलेला होता आणि खाली नारळाची भकले होती. सून खुरप्याने शेंदूर खरवडत होती. तिने मान वर केली नाही.

“कोणी केले, मावशी?”

“कोनी का करीना. साहेब पावते म्हन्तात. पोटदुखीले.” तिने खुरपे दगडावर घासले. “मास्तर, एक सांगा. तुमी शिकेल मानूस. माही सासू इथं बसे. उन्हातान्हात बसे. नखं गेली तिची. मले म्हने, ‘सूनबाई, मले दिसत नाई, तू पाह्य, दगड सरले का.’ म्या कधी ‘सरले’ म्हनलं नाई, खोटं काऊन बोलावं? आता सांगा, तुमच्या साहेबानं याच्यातला एक तरी गोटा उचलला का?”

“साहेब नाही, मावशी. साहेब झालाच नाही.”

“मंग पाटीवर कोन हाये?”

मी बाटलीतले पाणी मोजले. आकडा लिहिला. तिचा प्रश्न तक्त्यात बसणारा नव्हता आणि तो टाळण्याजोगाही नव्हता. कारकुनाने फॉर्म लिहिला त्या दिवसाची हकिगत मी तिला तिथेच उभ्याने सांगितली. मी काय केले नाही, तेही सांगितले. तिने खुरपे खाली ठेवले.

“म्हन्जे माह्याच तोंडचा शब्द हाये तो,” ती म्हणाली.

“तुमचा शब्द बरोबर होता. ऐकणारा चुकला. आणि मी.”

“मंग दुरुस्त करा.”

त्या महिन्याच्या तक्त्यात केंद्राच्या नावाच्या जागी मी माझ्या हाताने ‘आंधळीची बरडी’ असे लिहिले. जुलैचा महिना होता. पाऊस भरपूर झाला होता आणि एकही दिवस चुकला नव्हता. तक्ता मी स्वतः तपासला, दोनदा.

एकाच टपालाने दोन पत्रे आली. पहिल्यात लिहिले होते की ‘आंधळीची बरडी’ या नावाचे केंद्र या कार्यालयाच्या यादीत नाही, सबब तक्ता परत पाठवला आहे. दुसऱ्यात लिहिले होते की बार्डेल केंद्राकडून जुलैचा तक्ता आलेला नाही, सबब खुलासा करावा. दोन्ही पत्रांवर सही एकाच माणसाची होती. मी तक्ता जसाच्या तसा पुन्हा पाठवला आणि खुलाशात केंद्राच्या नावाची हकिगत लिहिली. तो परत आला. मी पुन्हा पाठवला. ऑगस्टचाही तसाच पाठवला. काही दिवसांनी छापील पत्रक आले. त्यात चिखलीचा पाऊस होता, अमडापूरचा होता, आणि बार्डेलसमोर दोन्ही महिन्यांत आडवी रेघ होती. माझ्या बाटलीत पडलेला पाऊस सरकारात पडलेला नव्हता.

ती रेघ मला लागली. मी आकड्यांचा माणूस आहे. दोन महिन्यांच्या रोजच्या सकाळी एका रेघेखाली गेल्या होत्या. मी हट्ट सोडला असता तर त्या परत मिळाल्या असत्या.

सुनेने विचारले, “आपला पाऊस कागदात आला का?”

“नाही.”

“मंग ही वांगी कशावर आली?” तिने माझ्या रुमालात चार वांगी टाकली आणि कामाला लागली.

त्याच आठवड्यात मी पाटी खांबावरून उतरवली, उलटी केली, आणि मागच्या कोऱ्या पत्र्यावर चुन्याने लिहिले: आंधळीची बरडी. अक्षर माझे वळणदार आहे. लांबून वाचता येत होते. पाटलाने येऊन पाहिले.

“मास्तर, साहेब कुठी गेला?”

“विलायतेला.”

“घोडा?”

“घोडाही नेला.”

पाटील खळखळून हसला आणि दुसऱ्या दिवशी त्याने तहसिलीला रिपोर्ट दिला. त्याचे कामच ते होते. मला त्याचा राग आला नाही.

हिवाळा लागताना खात्याचे निरीक्षक आले. त्यांना बसायला मी शाळेतली खुर्ची बरडीवर नेली. सून थोड्या अंतरावर वांगी तोडत होती. निरीक्षकांनी माझी रोजची वही पानापानाने पाहिली. सभ्य गृहस्थ होते. पुणेरी बोलत, पण माझ्या बोलण्याला हसले नाहीत.

“मास्तर, तुमच्यासारखी वही मी या जिल्ह्यात पाहिली नाही. एक दिवस चुकलेला नाही. मग हे काय आरंभले आहे? नाव तेवढे का लिहीत नाही?”

“लिहितो, साहेब. खरे आहे ते लिहितो.”

“यादीत आहे ते खरे. यादी बदलली की मागची नोंद तुटते. उद्या कोणी वीस वर्षांचा पाऊस पाहायला बसला तर त्याला केंद्र एकाच नावाने सापडले पाहिजे.” त्यांचे म्हणणे चूक नव्हते. पुढे ते म्हणाले, “नावाला इतके कवटाळू नका. दक्षिणेला बर्फाचा एक मुलूख आहे.”

“मी चौथीला शिकवतो, साहेब.”

“मग ठाऊकच आहे. तिथे लाकडी खोपटी ठोकून माणसे वारा आणि थंडी मोजत बसतात. तुमच्यासारखीच, रोज. एकाने खोपटाला राजाचे नाव दिले, एकाने जहाजाचे, एकाने मोहिमेला पैसा देणाऱ्याचे. नावामुळे थंडी कमी झाली का? राहतो तो आकडा.”

सून टोपली कमरेला लावून जवळ आली होती. “साहेब,” ती म्हणाली, “तिथं पहिले कोन राहे?”

“कुठे, बाई?”

“तुमच्या बर्फात.”

“कोणीच नाही. माणूस नाही, झाड नाही, पाखरू असले तर असले.”

“मंग ठेवा म्हना काई बी नाव. रिकाम्या जागेले काई बी म्हना, कोनाचं काय जाते? इथं माही सासू राहे. तो ढीग पाह्यला का? तो तिनं केला. तिले मानसं आंधळी म्हनत, तिचं नाव बी कोनी घेतलं नाई जल्मभर. आंधळी तं आंधळी, तेवढं तरी राहू द्या.”

निरीक्षकांनी ढिगाकडे पाहिले. मला वाटते, त्यांना पटले होते. पण पटणे आणि यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते म्हणाले, “बाई, तुमचे दुःख मला कळते. पण पाटी सुलटी लावावी लागेल.”

“दुःख नाई सांगून राह्यली,” ती म्हणाली. “वावर माहं हाये. तुमचा डबा माह्या वावरात हाये. कागद हाये तुमच्यापाशी?”

निरीक्षकांनी माझ्याकडे पाहिले. कागद नव्हता.

“मले कांदा लावायचा हाये. साहेबाची पाटी पाह्यजे तं डबा साहेबाच्या वावरात न्या. आंधळीची पाटी राहीन तं शंभर वर्सं ठेवा, कोन काढते?”

निरीक्षक उठले, मला चार पावले बाजूला घेऊन गेले आणि हळू आवाजात बोलले. तुम्ही तिला समजवा. तुमचे ऐकेल. पुढच्या तक्त्यापासून यादीतले नाव लिहा, मागचे राहिलेले महिने मी स्वतः भरून घेतो, आकडे वाया जाणार नाहीत. पाटीचे मी विसरून जाईन. तुमच्या कायम होण्याच्या कागदावर माझाही शेरा मागितला आहे, तो चांगला जाईल.

हे सगळे त्यांनी खरोखर केले असते. मला त्याबद्दल शंका नाही.

मी म्हणालो, “मले नाई जमत.”

शब्द तोंडून गेल्यावर मी तो ऐकला. दुरुस्त करण्याची संधी होती. केला नाही. निरीक्षकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, वही परत दिली आणि गाडीकडे गेले. त्या दिवसानंतर ‘मले’ म्हटल्याबद्दल मी कोणाही विद्यार्थ्याला छडी मारली नाही. पुस्तकात मला लिहा, एवढेच सांगत आलो.

आठ दिवसांनी नळकांडे काढण्याचा हुकूम आला. सुनेने आणि मी मिळून ते खणले. पक्क्या चुन्यात बसवलेले होते, सकाळ गेली. यंत्र, नरसाळे, बाटली, काचेचे माप, सगळे मी गाडीत घालून चिखलीला नेले. तहसिलीत पावती तयार होती: बार्डेल केंद्राचे साहित्य मिळाले. तिच्यावर देणारा म्हणून माझी सही हवी होती. मी सही केली आणि सहीखाली लिहिले, ‘असे केंद्र मला माहीत नाही. साहित्य आंधळीच्या बरडीवरून आणले.’ कारकून तोच होता. त्याने वाचले.

“आता तरी नाव सोडा, मास्तर.”

“तुम्ही नीट ऐकले असते तर धरावे लागले नसते. आणि मी बोललो असतो तर.”

पावतीची नक्कल त्याने मला दिली. ती पुढे वाळवीने खाल्ली. संपादकांना पाठवण्यासारखा तेवढाच एक कागद होता.

माझी बदली मोताळ्याकडे, धामणगाव बढे येथे झाली. कायम होण्याचा कागद बरीच वर्षे आला नाही. निघण्याच्या दिवशी मी बरडीवर गेलो. नळकांड्याच्या खड्ड्यात मुरूम भरून तिथे कांद्याची रोपे लावलेली होती. पाटी सुनेने ढिगाला टेकवून उभी केली होती, माझी बाजू पुढे. चुन्याची अक्षरे एका पावसाळ्यापलीकडे टिकणार नाहीत, हे मला दिसत होते. मी तिला तसे सांगितले.

“पुसू द्या,” ती म्हणाली. “मले कुठी वाचता येते?”

अक्षरे पुसली. सूनही गेली. खात्याच्या जुन्या यादीत बार्डेल हे केंद्र आजही सापडेल. त्याच्यापुढे ‘मोजणीदाराअभावी बंद’ असा शेरा आहे, असे मला पुढे त्याच खात्यातल्या एकाने सांगितले. तोही खोटा आहे. मोजणीदार होता.

स्मरणिकेच्या संपादकांस माझे सांगणे इतकेच आहे. तुम्ही ज्याला समाधी म्हणता त्याच्या आत कोणी नाही. तो वेचलेल्या दगडांचा ढीग आहे. खालच्या अंगाचे दगड रचलेले आहेत, वरचे टाकलेले आहेत, आणि एकही दगड दोन हातांना उचलणार नाही इतका मोठा नाही. कबर बांधणारे दगड असे निवडत नाहीत. पुरावा तिथे आहे, ज्याला हवा त्याने जाऊन पाहावा. अमडापूरहून निघावे आणि वाटेत कोणालाही विचारावे. तो सांगेल, “आंधळीच्या बरडीले जा.”

त्यातला ‘ले’ लिहून घेऊ नये.